कळा कवितेला येत नाहीत



गेल्या अंकात अकरा कविता होत्या. त्यातल्या चार कवितांना कळा आल्या. एकीत क्रांती बाळंत होते, एकीत पहाट. तिसरीत इतिहासाच्या गर्भाशयात काहीतरी ढुशा मारतं. चौथीत कवी स्वतःच अडतो आणि शेवटी त्याला शब्द होतो. चारही कवी पुरुष. चौघांनाही ओळखते, माणसं वाईट नाहीत. पण चौघांपैकी एकही लेबर रूमच्या दाराच्या आत गेलेला नाही. बायको आत होती तेव्हा हे बाहेर टपरीवर चहा पीत उभे.

त्याच अंकासाठी मी माझ्या बाळंतपणावर लिहून पाठवलं होतं. पंधरा पानं. परत आली. वर निरोप : "लिखाण चांगलं आहे, पण फार खाजगी आहे. त्यात समाज येत नाही. त्यापेक्षा एखादी कविता पाठव."

समाज येत नाही म्हणता? मग ऐका कुठे कुठे येतो ते.

मी मालवणच्या किनाऱ्यावरच्या वाडीतली. नववीत शाळा सुटली. आता घाटावरच्या एका सूतगिरणीत वाइंडिंगला. ठेकेदाराकडे. पोट दिसायला लागलं तसं ठेकेदारानं कार्ड बंद केलं. त्याचा हिशेब पक्का असतो. कायदा म्हणतो, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम भरलं तर बाळंतपणाची भरपगारी रजा. १९६१ च्या कायद्यात १२ आठवडे होती, २०१७ ला २६ झाली. सव्वीस आठवडे! वाचतानाच दूध उतरावं. माझे दिवस भरले त्र्याहत्तर. पोटातले नऊ महिने भरले, गिरणीतले ऐंशी दिवस काही भरले नाहीत. हा समाज नव्हे काय?

पुढे दवाखाना. सरकारी. नाव लिहीत नाही. मी टेबलावर, पाय वर अडकवलेले, आणि सिस्टर फॉर्म भरत होती. जननी सुरक्षा योजना २००५ पासूनची. खेड्यातली बाई दलित, आदिवासी किंवा दारिद्र्यरेषेखालची असली की दवाखान्यातल्या बाळंतपणाला ७०० रुपये. सिस्टरनं दारातून हाक घातली, "हिच्या जातीचा दाखला कुणाकडे आहे?" आमच्या कोकणात जात कुणी तोंडानं विचारत नाही. गाव विचारतात, मग वाडी, मग आडनाव, आणि गप्प बसतात. दवाखान्यात फॉर्म असतो म्हणून ती मोठ्यानं विचारावी लागते. आई बाहेर बाकावर होती, दाखला पिशवीत. ती दाखला घेऊन उठली. परत येईपर्यंत बाकावरची तिची जागा दोन्ही बाजूंनी ऐसपैस झाली होती. शेजारच्या खाटेवरल्या बाळंतिणीची सासू सकाळी आईला "पेज घे गो" म्हणाली होती. दुपारी तिनं पेजेचा टोप खाटेच्या पलीकडच्या अंगाला सरकवून ठेवला. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मी भांडले असते.

कळ आली की मी ओरडायची. "तेव्हा बरं वाटलं ना? आता कशाला बोंबलतेस?" हे वाक्य मी एकटीनं ऐकलं असं समजू नका. तुमच्या बायकोला विचारा. आईला विचारायची हिंमत असेल तर तिलाही विचारा. मांडीवर दोन चापट्या बसल्या. टाके घालताना सुन्न करायचं इंजेक्शन नव्हतं. पाच टाके. पहिल्या दोन टाक्यांना मी मोजत होते, पुढचे आईनं नंतर सांगितले.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ साली लेखी निवेदन काढलं की जगभर दवाखान्यांत बाळंत होणाऱ्या बायांना शिव्या, मारहाण, अपमान सोसावा लागतो आणि हे थांबलं पाहिजे. जिनिव्हात बसलेल्या साहेबांना जे जगाचं वाटलं ते आपल्या संपादक मंडळाला खाजगी वाटलं.

आता जरा मागचं काढते. १८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवेचा निबंध आला. मातंगाची पोर, फुल्यांच्या शाळेतली, वय चौदाच्या आसपास. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना तिनं काय काय सांगितलं? धर्म सांगितला, गुलामी सांगितली, आणि सांगितलं की आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं, थंडी-पावसात त्यांचे हाल होतात. आपल्या लिखाणाची सुरुवात जिथून मोजता तिथंच बाळंतीण बसलेली आहे. पोरीला ते खाजगी वाटलं नाही. तिच्या मास्तरांनाही नाही.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कारखान्यातल्या बायांना बाळंतपणाचा भत्ता द्यायचं बिल आलं. बाबासाहेब त्याच्या बाजूनं उभे राहून बोलले. बाळंतिणीला आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असं म्हणाले. १९२९ ला कायदा झाला. बाबासाहेबांनी जे कायदेमंडळात बोलायचं मानलं, ते आपल्या अंकात छापायला लाज? दर १४ एप्रिलला फोटोला हार घालता, तो काय डोळे झाकून घालता?

आणि बेबीताई कांबळे. 'जिणं आमुचं' १९८६ ला पुस्तक झालं, त्याआधी 'स्त्री' मासिकात आलं. त्यात महारवाड्यातलं बाळंतपण आहे. आडलेली पोर, भोवती जमलेल्या बाया, अडाणी हातांनी होणाऱ्या जखमा, आणि बाळंत झाल्यावरची ती भूक. मी ते वाइंडिंगच्या दुपारच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच बंद केला. हे सगळं त्यांनी घरच्यांपासून लपवून लिहिलं, वर्षानुवर्षं वह्या दडवल्या. पण नाव बघा : 'आमुचं'. त्या समाजाचं लिहीत होत्या, स्वतःला मागे ठेवून. २००३ ला 'आयदान' आलं. आमच्याच कोकणातल्या उर्मिला पवारांनी स्वतःच्या देहाबद्दल, संसाराबद्दल 'मी' म्हणून लिहिलं, तर कुजबूज कुणी केली? फक्त पांढरपेशांनी? १९७२ ला 'गोलपिठा' आला तेव्हा सदाशिव पेठेनं नाकं मुरडली आणि आपण त्यांना हसलो. आता नाकं आपल्याच घरात मुरडतात.

तुमच्या कवितेत आई असते. ती मोळी आणते. तिच्या टाचा भेगाळलेल्या असतात. ती उपाशी राहून तुम्हाला शिकवते. फक्त ती बाळंत होत नाही. तुम्ही काय झाडाला लागलात?

मुंबईच्या गिरण्यांत आमच्याकडचे बापये गेले, त्यावर पोवाडे झाले. १९८२ च्या संपावर पुस्तकं झाली, व्हायलाच हवी होती. मागे वाडीत मनिऑर्डरची वाट बघत जी बाळंत झाली, तिच्यावर कोण लिहिणार होतं?

माझी आजी सुईण होती. आमच्या वाडीचीच नाही, वरच्या घरांचीसुद्धा. रात्री कंदील घेऊन माणूस बोलवायला यायचा. मागच्या दारानं आत. पोर तिच्या हातावर, नाळ तिनं कापायची, वार तिनं पुरायची, कारण ते विटाळाचं काम. दहा दिवस तिच्यावाचून त्या घराचं पान हलत नसे. मग विटाळ फिटायचा आणि आजी पुन्हा खळ्यात. सुपात तांदूळ आणि नारळ, तेही वरून टाकलेले. तिच्या हातावर जन्मलेली पोरं मिसरूड फुटल्यावर तिला नावानं एकेरी हाक मारायची. "माझ्याच हातार पयलो रडलो हा तो," एवढंच ती म्हणायची आणि पान लावायला घ्यायची. किती नाळा कापल्या ते तिला सांगता येत नव्हतं आणि लिहिता तर मुळीच येत नव्हतं. दवाखान्यात तो टोप सरकला तेव्हा मला त्या सुपाची आठवण झाली. हे दोन्ही एकाच लेखात यायला पाहिजे. कवितेत ते मावत नाही, मी करून पाहिलं. कवितेत लगेच सूर लागतो आणि टोप निसटतो.

एक मित्र म्हणाला, असलं लिखाण शहरातल्या बायांचं, मातृत्वाचा सोहळा वगैरे. बाबा रे, सोहळा कुठे दिसला तुला? पोर झाल्यावर तिला छातीशी धरलं तेव्हा मला आधी झोप आली. प्रेम चौथ्या दिवशी आलं, तापात. तेही लिहिलंय. ते वाचून आमच्या गिरणीतल्या दोघी रडल्या. एकीनं सांगितलं, तिचं दुसरं पोर खात्यातून घरी जाताना एस.टी. स्टँडवर झालं. हे ती अकरा वर्षांत कुणाला बोलली नव्हती. तिचंही मी उतरवून घेते आहे. तिला सही येते, तिच्या सहीनं पाठवीन.

माझा लेख पुन्हा पाठवते आहे. पंधराची सतरा पानं झाली. टाक्यांचं तीन ओळींत उरकलं होतं, आता दोन पानं आहे. मुलगी सात महिन्यांची आहे, रात्री उठते, ती परत झोपली की लिहायला बसते, म्हणून अक्षर वाकडं आहे. जागा कमी पडत असेल तर चार कवितांच्या कळा एका अंकापुरत्या थांबवा. काटछाट करायची तर मला विचारून करा. आणि खाली माझं नाव पूर्ण छापा, आडनावासकट.