बागेला टायमर, वस्तीला टँकर



मी सांगलीत बागा सजवतो. म्हंजे बंगल्यांच्या आवारात ठिबकच्या नळ्या अंथरतो, झाडांच्या बुडाशी फोकस लावतो, टायमर बसवतो. बाप साताऱ्यात एका बंगल्यावर माळीकाम करून म्हातारा झाला. गाव खटाव तालुक्यात. वस्तीवर आई असते. उन्हाळ्यात टँकरची वाट बघते.

पहाटे पाचला टायमर आपोआप चालू होतो. मालक घोरत असतो, लॉन पाणी पीत असतं. माझी आई मात्र तीनलाच उठलेली असते. तिला टायमर लागत नाही. रिकामी घागरच तिला झोपू देत नाही.

हिशेब मांडू. हिशेबाला जात नसते, असं शाळेत शिकवलेलं. दोन हजार चौरस फुटांचं लॉन. उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज पाच लिटर धरा. नऊशे लिटरच्या वर गेलं. खेड्यातल्या माणसाला सरकारी योजनेत रोज ५५ लिटर मंजूर आहेत, कागदावर. म्हणजे सोळा माणसांचं पाणी एक लॉन पितं. आणि लॉनला तहान लागली म्हणून कुणी त्याची जात विचारत नाही.

१९०१ साली साताऱ्यात शिकणारा एक पोरगा भावंडांबरोबर मसूर स्टेशनवर उतरला. बाप खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर कॅशियर. काम कसलं? तलाव खोदायचं! पोरं बैलगाडीनं निघाली. डबा भरलेला, पण घोटभर पाणी कुणी देईना. टोलनाक्यावर मुसलमान म्हणून सांगून पाहिलं, तरी नाही. भरल्या डब्याजवळ पोरं उपाशी झोपली. तो पोरगा भीमराव. बाप तलावाच्या कामावर, लेक तहानलेला. सव्वाशे वर्षं होत आली. माझा बाप पाइप धरून उभा, आणि आईची घागर रिकामी. गोष्ट तीच, फक्त पाइप प्लास्टिकचा झाला.

दिव्यांचंही तेच. साताऱ्याच्या पाटण तालुक्यात कोयनेचं पाणी अडवलं, गावंच्या गावं उठवली, त्या पाण्यावर १९६० मेगावॅटची वीजनिर्मिती उभी राहिली. त्या जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीच्या खांबावरचा बल्ब महिनोन् महिने बंद. मी मात्र सांगलीत एका नारळाच्या झाडाला चार फोकस लावतो. झाड रात्री दिसलं पाहिजे म्हणे. माणूस दिवसा दिसत नाही, त्याचं काय?

आता कुणी शहाणा म्हणेल, हा गडी हिरवाईच्या मुळावर उठलाय. गप रे! आमच्या आईचीही बाग आहे. मोरीच्या सांडपाण्यावर एक शेवगा, एक कढीपत्ता, दोन केळी. आळं तिनं स्वतः केलंय. भांडी घासलेलं पाणी तिथं जातं, थेंब वाया नाही. तुमच्या पर्यावरणाच्या व्याख्यानांआधीपासून ती हे करतेय. फक्त तिला कुणी बक्षीस देत नाही. आम्हाला बाग नको, असं नाही. आम्हाला बाग राखायला ठेवता आणि बागेत बसू देत नाही, भांडण तिथं आहे.

पाणी जमिनीच्या मापानं वाटतात. ज्याचं रान मोठं, त्याचा पाट मोठा. टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या पंपांनी कृष्णा चढावर चढवली, पण ज्याच्या नावावर गुंठाही नाही त्याच्यापर्यंत ती कुठल्या पाटानं यायची? हे बदलता येतं. सांगलीच्या खानापूर तालुक्यात, येरळेवर, १९८० च्या दशकात लोकांनी बळीराजा धरण बांधलं. वाळूच्या ठेकेदारांशी भांडले, थोडी वाळू स्वतः विकून पैसा उभा केला. आणि ठरवलं, पाण्याचा वाटा घरागणिक. भूमिहीनालाही. म्हणजे सरकारला जे सुचलं नाही ते गावकऱ्यांना सुचलं!

म्हणून आपली मागणी साधी आहे. पाणी माणसाच्या मापानं वाटा. आधी वस्तीचा नळ, मग बंगल्याचं लॉन. आधी वस्तीचा खांब, मग नारळाचा फोकस. माळ्याला हक्काची मजुरी, मेहरबानीची जुनी चादर नको.

शहरातल्या पोरांनो, या बागांमधून तुम्हीही फिरता, फोटो काढता. काढा. पण एकदा टायमरच्या डबीजवळ कान लावा. तिथं माझ्या आईची घागर वाजते.

जय भीम!