स्वयंपाकघराचा जीर्णोद्धार

दिंद्रुडच्या आमच्या वडिलार्जित घराचें स्वयंपाकघर मोडून नवें करावें, असा ठराव गेल्याच्या गेल्या दिवाळींत फराळाच्या वेळीं एकमतानें संमत झाला. मत देणारे सर्व पुरुष होते ही गोष्ट त्या वेळीं कोणाच्या लक्षांत आली नाहीं. आमच्याही आली नाहीं. या सदरांतून गृहव्यवस्थेवर वाचकांस चार शब्द सांगण्याचें काम आम्ही बरींच वर्षें करीत आलों आहों. तेव्हां हें आधींच कबूल केलेलें बरें.

दिंद्रुड हें बीड जिल्ह्यांतील माजलगांव तालुक्याचें गांव. घर माळवदी. अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, सागवानी तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढरी माती. पुढें ढेलज, मग चौक, ओसरी, माजघर, आणि सर्वांत मागें, जेथें भरदुपारींही दिवा लावावा लागतो तेथें, स्वयंपाकघर. लांबी अठरा फूट, रुंदी बारा. रोज अकरा माणसें जेवतात, आणि भाद्रपदांत महालक्ष्म्यांच्या पूजनाच्या दिवशीं सत्तर-ऐंशी पानें होतात. उजेड येण्यास माळवदांत एक झरोका, धूर जाण्यासही तोच. गॅस येऊन तीस वर्षें लोटलीं तरी चूल गेली नव्हती. भाकरी, पुरण आणि आंघोळीचें पाणी तिच्याकडेच राहिलें होतें. काकूंचा खोकला घड्याळाच्या टिकटिकीसारखा आम्हां सर्वांच्या कानांस संवयीचा झाला होता. डॉक्टरांनीं त्यांच्या छातीचें चित्र पाहून "घरांत विडी कोण ओढतें?" असें विचारलें, तेव्हां आमच्या थोरल्या बंधूंनीं मान खालीं घातली. विडी कोणीच ओढत नव्हतें.

धूर घालविण्याचा प्रयत्न याच घरांत पूर्वीं एकदां होऊन गेला होता. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेंत डॉ. एस. पी. राजू यांनीं एक बिनधुराची चूल सिद्ध केली व १९५३ मध्यें तिजवर इंग्रजींत एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. बीड जिल्हा त्या वेळीं हैदराबाद राज्यांतच होता. तो १९५६ मध्यें द्विभाषिक मुंबई राज्यांत आला. वर्ध्याच्या मगनवाडींतील मगनचुलीचें तत्त्वही तेंच. मातीच्या ओट्यांत एका बाजूस जाळ करावयाचा, त्याची आंच आंतल्या आंत एकापुढें एक भांड्यांखालून न्यावयाची आणि उरलेला धूर धुराड्यानें छपरावर सोडावयाचा. आजोबांनीं तशी चूल घालून घेतली होती. दोन वर्षें घर स्वच्छ राहिलें, असें काकू सांगतात. पुढें धुराड्यांत काजळी धरली. ती वरचेवर काढावी लागते. ती काढण्यास माळवदावर चढावें लागतें, आणि बायका माळवदावर चढत नसत व पुरुष चुलीच्या वाटेस जात नसत. एके दिवशीं सगळा धूर उलट खोलींत आला, आणि त्याच आठवड्यांत जुनी चूल परत मांडली गेली. पुढें १९८३ मध्यें केंद्र सरकारनें सुधारलेल्या चुलींचा देशव्यापी कार्यक्रम हातीं घेतला, त्यांतील कित्येक चुलींचीही हीच गत झाली. चूल शोधून काढणाऱ्याकडे आम्ही दोष देत नाहीं. काजळी कोणीं काढावयाची, हें आमच्या घरांत कोणीं ठरविलेंच नव्हतें.

या खेपेस बंधूंनीं शहरांतून एका दुकानाचा माणूस बोलाविला. त्यानें फोनवर रंगीत चित्रें दाखविलीं आणि तासाभरांत आराखडा काढून दिला. त्यांत सर्व कांहीं होतें: छतापर्यंत कपाटें, चकचकीत फरशी, शेगडीवर धूर ओढणारें यंत्र. नव्हती ती पाण्याची जागा. आमच्याकडे नळास रोज पाणी येत नाहीं. २०१६ च्या उन्हाळ्यांत तर शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें होतें. पाणी सांठविल्यावांचून येथें स्वयंपाकघर चालत नाहीं, आणि आराखड्यांत एक घागर ठेवण्यापुरता कट्टा नव्हता. वहिनींनीं तो कागद दोनदां पाहिला व विचारलें, "भावजी, यांत मी उभी कोठें राहायची, आणि काकू बसायच्या कोठें?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्या दिवसापासून आराखड्याचें काम माजघरांत गेलें.

सूनबाईंनीं एक युक्ति केली. स्वयंपाकघराच्या दाराशीं मुलांची पाटी टांगली, आणि आंतून कांहीं आणावयास कोणी बाहेर पडलें कीं तिजवर एक रेघ ओढावयाची. पाण्यास गेल्यास उभी, धान्यास गेल्यास आडवी, बाकी कशाला गेल्यास तिरपी. आठ दिवसांनीं रेघा मोजल्या, तों उभ्या रेघा दोन तृतीयांशांहून अधिक! रांजण चौकांत, चूल तेथून चार उंबरठे पलीकडे. पन्नास वर्षें आम्ही त्या घरांत जेवलों, पण ही पायपीट कधीं मोजली नव्हती. जर्मनींत फ्रँकफुर्ट येथें १९२६ मध्यें मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की या वास्तुशिल्पज्ञ बाईंनीं असाच हालचालींचा हिशेब मांडून एक स्वयंपाकघर योजिलें. तशीं सुमारें दहा हजार बांधलीं गेलीं, आणि आजच्या दुकानांतील आराखडे त्याच वंशाचे आहेत. परंतु त्या खोलीची रुंदी दोन मीटरांसही भरत नव्हती, व ती एकट्या गृहिणीसाठीं होती. सणाच्या दिवशीं पांच बायका एके ठिकाणीं वावरतात त्या घराचें माप त्यांत कोठून यावें?

मुहूर्ताचा प्रश्न त्याहून अवघड झाला. पुरुषांच्या मतें वैशाख उत्तम. मुलांना सुट्टी, पाऊस दूर. वहिनींनीं तो एका वाक्यांत निकालांत काढला: पापड, कुरडया, सांडगे, लोणचीं यांच्या महिन्यांत चूल मोडणार कोण? शेवटीं पौष ठरला. लग्नकार्यें नाहींत, पाहुणा कमी, आणि माळवद कोरडें. "पौषांत शुभकार्य नसतें," असें काकू म्हणाल्या. त्यावर वहिनी, "मोडायचें शुभ कशाला असतें, काकू? मोडूं पौषांत, मांडूं माघांत." हा तोडगा धर्मशास्त्रांत कोठें आहे तें आम्हांस ठाऊक नाहीं, पण काकूंनीं तो मान्य केला.

खरा वाद झाला तो भिंतीवरून. गवंड्याचें म्हणणें, मागल्या भिंतीस सहा फुटांची खिडकी पाडतों, घर उजेडानें भरून जाईल. बंधूही राजी होते. आम्हीं मात्र हट्ट धरला, आणि त्याचें कारण सांगितलें पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारों माणसें झोपेंत दगावलीं, तीं बहुतेक अशाच घरांत. दगडमातीची जाड भिंत वस्तुतः दोन भिंती असतात. बाहेरची एक, आंतली एक, आणि मध्यें भर. दोहींस सांधणारे आरपार दगड नसले तर हादऱ्यानें त्या एकमेकींपासून फुटतात, आणि वरचें मातीचें छप्पर सगळें खालीं येतें. जेथें तुळया लाकडी खांबांवर होत्या, तेथें भिंती पडूनही कित्येक ठिकाणीं छप्पर उभें राहिलें. आमच्या माजघरांत खांब आहेत. स्वयंपाकघरांत नाहींत, तेथें तुळया थेट त्या मागल्या भिंतींत शिरल्या आहेत. अशा भिंतीस सहा फुटांचें भगदाड पाडणें म्हणजे काय, हें अभियंत्यास बोलावून विचारल्यावर बंधूंस पटलें. तुळयांखालीं चार खांब दिले, खिडकी अडीच फुटांची केली, आणि तिजवरचा काँक्रीटचा पाट दोहों बाजूंस फूटभर भिंतींत घुसविला.

अभियंत्यानें माळवदही उकरून पाहिलें. दर पावसाळ्यापूर्वीं गळतीवर नवी माती टाकावयाची ही आमच्याकडची रीत. जुनी कोणी काढीत नाहीं. आमच्या वाडवडिलांनीं टाकलेली माती दोन हातांच्या घरांत गेली होती. एवढ्याशा खोलीवर वीतभर माती म्हटली तरी तिचें वजन सात टनांच्या आसपास भरतें. वरचा फाजील थर काढला, तेव्हां ट्रॅक्टरच्या कित्येक खेपा झाल्या. इतकें ओझें डोक्यावर घेऊन आम्ही पुरणपोळ्या खात होतों!

गॅसविषयीं एक गोष्ट वाचकांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. हा वायु हवेहून जड असतो. गळला तर वर न जातां जमिनीलगत सांचतो. आमच्या स्वयंपाकघराची जमीन माजघरापेक्षां वीतभर खालीं आणि उंबरठा उंच, म्हणजे ती खोली अशा वायूस हौदच झाली. दुकानाच्या आराखड्यांत टाकी बंद कपाटांत कोंडलेली होती. आम्हीं ती उघड्या कोनाड्यांत उभी ठेविली, शेगडी तिच्याहून उंचावर घेतली, आणि परसाच्या बाजूस जमिनीलगत जाळीचें एक भोंक ठेविलें. उंदरांसाठीं जाळी बारीक घ्यावी. वरचा झरोका तसाच राखून त्यावर पत्र्याची टोपी बसविली.

आतां ओटा. कोपराच्या चार ते सहा बोटें खालीं ओट्याचा माथा असावा, असा साधारण ठोकताळा आहे. सूनबाईंच्या मापानें तो बत्तीस इंच आला. परंतु ज्वारीची भाकरी उभ्यानें थापतां येत नाहीं असें नाहीं, चांगली होत नाहीं. पीठ मळण्यास अंगाचा भार लागतो, आणि उंच ओट्यावर तो भार खांद्यांनीं द्यावा लागतो. म्हणून ओट्याचा एक चार फुटांचा तुकडा सात इंच खालीं घेतला. काटवट तेथें राहते. त्याच्याही पलीकडे, भिंतीच्या कोपऱ्यांत, काकूंसाठीं बसका कट्टा व त्याला वेगळा नळ. त्यांचें सोंवळें आणि सूनबाईंची घाई या दोहोंची वाट एकमेकींस आडवी जाणार नाहीं, एवढी सोय झाली. खालीं शहाबादी फरशीच ठेविली. चकचकीत फरशीवर तेल सांडलें तर काय होतें तें आम्हीं दुसऱ्या एका घरीं पाहिलें आहे. कपाटें लाकडी भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचीं नकोत, असें सुतारानेंच सांगितलें; ओल लागली कीं त्या फुगतात, आणि आमच्या मातीच्या भिंतींत वाळवी तर घरचीच.

चूल निघणार म्हटल्यावर काकू दोन दिवस बोलल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं सूनबाई त्यांच्यापाशीं जाऊन बसली. "काकू, चूल कुठें जात नाहीं. धूर तेवढा जायचा." "आणि पावसांत?" काकूंनीं विचारलें. त्या प्रश्नावरून आराखडा पुन्हां बदलला. मागल्या दारास लागून सहा फुटांची पडवी काढली, तिला वरून पत्रा, दोन बाजू मोकळ्या, आणि चूल तेथें मांडली. धुराडें नाहीं, म्हणून काजळीचा प्रश्नही नाहीं.

फजिती झाल्यावांचून बांधकाम होत नाहीं. मोरीचा उतार उलटा पडला होता. फरशी पक्की करण्यापूर्वीं वहिनींनीं एक घागर ओतून पाहिली, तों पाणी परसांत जाण्याऐवजीं थेट काकूंच्या कट्ट्याखालीं आलें. गवंडी म्हणाला, सिमेंट बसलें कीं होईल बरोबर. वहिनींनीं दुसरी घागर ओतली. सर्व उकरून पुन्हां केलें, आठ दिवस गेले. त्या सबंध काळांत स्वयंपाक ओसरीवर होत होता, वाऱ्यानें शेगडी विझत होती, आणि धुळीच्या भयानें लोणच्याच्या बरण्या आमच्या पुस्तकांच्या कपाटांत विराजमान झाल्या होत्या. कैरीचा वास अजून त्या पुस्तकांस येतो.

माघांत चुलीची व शेगडीची पूजा होऊन दूध उतूं गेलें. मृगांत माळवद गळलें नाहीं. आतां महालक्ष्म्या होऊन गेल्या. ऐंशी पानें झालीं. पुरण पडवींतल्या चुलीवर शिजलें, काकूंनीं बसल्या जागीं तें वाटून दिलें, आणि पांच बायका आंत असूनही कोणाचा पाय कोणाच्या पदरावर पडला नाहीं. काकूंचा खोकला पार गेलेला नाहीं. रात्रीचा मात्र ऐकूं येत नाहीं. सूनबाईंनीं पाटी पुन्हां टांगली असून दोन चुका तिजवर लिहून ठेविल्या आहेत. एक, विजेचें बटण नळाच्या फार जवळ आहे. दुसरी, पाटावरवंट्यास आराखड्यांत जागाच धरली नव्हती, आणि तो परसांत लिंबाखालीं पडून आहे. खिडकीखालीं त्याच्यापुरती जागा निघते. उचलण्यास दोन तरणे हात पाहिजेत, ते दिवाळीस पुण्याहून येणार आहेत.