आगीतून वाचलेला रुग्ण वॉर्डात का मरतो?

भाजलेल्या रुग्णावर दोन संकटे येतात. पहिले पहिल्या दोन दिवसांचे. जळालेल्या भागातून अंगातले पाणी झपाट्याने पाझरते, रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडे बंद पडू लागतात. वेळेवर आणि हिशेबाने सलाइन दिले, तर पुष्कळ रुग्ण यातून तरतात. दुसरे संकट त्यानंतर सुरू होते. जखमेत जंतू शिरतात आणि तेथून रक्तात उतरतात. केसपेपरवर ‘सेप्टिसिमिया’ असे लिहिले जाते, आणि ‘फारच भाजली होती’ अशी समजूत घालून घरचे लोक देह ताब्यात घेतात. या दुसऱ्या संकटातले कितीतरी मृत्यू टाळता येतात. त्यांचे खापर नशिबावर फोडणे बंद झाले पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोक मध्यम किंवा गंभीर स्वरूपाचे भाजतात. स्टोव्हचा भडका, गॅसची गळती, पेटलेला पदर, उकळते पाणी ही नेहमीची कारणे. त्यात बायका आणि लहान मुले मोठ्या संख्येने असतात. खासगी उपचाराचा खर्च झेपत नाही, म्हणून गरीब घरातला रुग्ण सरकारी किंवा पालिकेच्या जळीत कक्षात येतो. त्या कक्षाची अवस्था हा म्हणूनच सार्वजनिक प्रश्न आहे.

जखम आणि जंतू

त्वचा ही शरीराची तटबंदी. ती जळाली की मागे उरतो मृत मांसाचा ओला, उबदार, प्रथिनांनी भरलेला थर. त्यात रक्तवाहिन्या उरत नाहीत. म्हणून शिरेतून दिलेले औषध तेथवर पुरेसे पोचतच नाही. शरीराची प्रतिकारशक्तीही याच काळात खालावते. शिवाय सलाइनची सुई, लघवीची नळी आणि कृत्रिम श्वासाची नळी हे जंतूंसाठी आणखी तीन दरवाजे.

सुरुवातीला जखमेत सापडतात ते बहुधा रुग्णाच्या स्वतःच्या त्वचेवरचे जंतू. पुढे वॉर्डातले जंतू त्यांची जागा घेतात. स्यूडोमोनास हा ओलाव्याचा जंतू. बेसिन, नळाची तोटी, ओले पोछे ही त्याची घरे. ड्रेसिंगवर हिरवट-निळा पू आणि गोडसर वास आला, की अनुभवी सिस्टर रिपोर्ट येण्याआधीच त्याला ओळखतात. असिनेटोबॅक्टर कोरड्या जागी टिकतो. खाटेचा दांडा, गादी, मॉनिटरची बटणे यांवर तो कित्येक आठवडे जिवंत राहू शकतो. क्लेब्सिएला आतड्यातून येतो आणि हातांवरून पसरतो.

औषध का लागू पडत नाही

हे जंतू औषध अनेक प्रकारे निकामी करतात. काही जंतू औषध तोडणारे विकर तयार करतात, काही आत आलेले औषध बाहेर फेकतात, तर काही चिकट थराखाली दडून बसतात. ही विद्या देणारी जनुके एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीकडेही जातात. त्यामुळे एका खाटेवर घडलेला बिघाड साऱ्या वॉर्डाचा होतो.

नवी दिल्लीत उपचार घेतलेल्या एका रुग्णामध्ये २००८ साली स्वीडनमध्ये ‘एनडीएम-१’ हे विकर सापडले. कार्बापेनेम या राखीव गटातली औषधेही ते निकामी करते. २०१० साली त्यावर भारतात वादळ उठले, पण ते मुख्यतः विकराला दिल्लीचे नाव का दिले यावरून! वॉर्डातल्या बेसिनांची चौकशी करण्याची निकड त्या वादात हरवली.

कार्बापेनेम हरले की उरते कोलिस्टिन. मूत्रपिंडांना इजा होते म्हणून १९७०च्या दशकात हे औषध मागे पडले होते. आज ते, ज्यांची मूत्रपिंडे आधीच धोक्यात आहेत अशा जळीत रुग्णांनाही द्यावे लागते. कोलिस्टिन निकामी ठरवणारे आणि जंतूंमध्ये सहज पसरणारे जनुक २०१५ साली चीनमध्ये आढळले. भारताने २०१९ साली कोंबड्या व जनावरांच्या खाद्यातून कोलिस्टिन देण्यावर बंदी घातली. अपुऱ्या मात्रेतून जंतू निर्ढावतात, हा इशारा पेनिसिलिनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच, नोबेल पारितोषिक स्वीकारताना दिला होता. जळीत रुग्णाचे शरीर पुष्कळदा औषध नेहमीपेक्षा लवकर बाहेर टाकते. ठरावीक मात्रा त्याला अपुरी पडू शकते, आणि अर्धमेले जंतू औषधाला सरावतात.

वॉर्डातली चूक

ड्रेसिंगच्या फेरीत चूक उघड दिसते. एक ट्रॉली खाटेखाटेने सरकते. तीच कात्री, मलमाचा तोच डबा, तोच एप्रन. पाचव्या खाटेवरचा पू आठव्या खाटेवर जायला एवढे पुरते. याचा दोष एकट्या सिस्टरला देणे अन्याय आहे. एका पाळीत जेवढ्या खाटा सांभाळता येतात त्याहून कितीतरी अधिक तिच्यावर सोपवणारी व्यवस्था दोषी आहे.

दुसरी चूक औषधाची. संसर्गाचे लक्षण नसताना ‘खबरदारी म्हणून’ पहिल्याच दिवशी भारी अँटिबायोटिक सुरू होते. ताज्या भाजण्यात असे औषध सरसकट देऊ नये, असे आंतरराष्ट्रीय जळीत संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्याने संसर्ग टळत नाही. साधे जंतू मरतात आणि निर्ढावलेल्यांना मोकळे रान मिळते. स्वच्छतेची उणीव इंजेक्शनने भरून काढण्याचा हा प्रयत्न महागडा आणि घातक आहे.

‘निधी नाही’ हे उत्तर नेहमी मिळते. पण हात धुण्याचा साबण, स्पिरिटयुक्त द्रव आणि प्रत्येक खाटेची वेगळी कात्री यांचा खर्च राखीव इंजेक्शनांच्या खर्चापुढे किरकोळ आहे. पैसा औषधांवर जातोच आहे. तो आधी, योग्य जागी खर्च होत नाही.

जीव वाचवणारे उपाय

मृत थर सडेपर्यंत वाट पाहू नये. तो पहिल्या काही दिवसांतच कापून काढावा आणि जखम त्वचेने झाकावी. स्लोव्हेनियातल्या मारिबोरच्या शल्यविशारद झोरा यान्झेकोविच यांनी ही पद्धत १९७० साली जगापुढे मांडली. जंतूंचे अन्नच काढून घेतले, की औषधाची गरज घटते.

रुग्णाची स्वतःची त्वचा अपुरी पडते तेव्हा दान केलेली त्वचा तात्पुरते आवरण बनते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही ती आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या व पाठीवरून त्वचेचा पातळ थर घेतला जातो. देह विद्रूप होत नाही, रक्तगट जुळवावा लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये ही त्वचा पाच वर्षांपर्यंत टिकते. तरीही नेत्रदानाइतकी त्वचादानाची ओळख लोकांना नाही.

जंतुभक्षी विषाणूंचा उपचार हाही एक आशेचा मार्ग. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये २०१५ ते २०१७ या काळात जळीत रुग्णांवर त्याची चाचणी झाली. औषधात विषाणूंची मात्रा अपेक्षेपेक्षा फार कमी उतरली आणि ते चांदीच्या नेहमीच्या मलमाहून मंद ठरले. संशोधन चालू राहिले पाहिजे. पण नव्या शोधाची वाट पाहत आजचे हात न धुणे अक्षम्य आहे.

मागण्या

१. प्रत्येक जळीत कक्षाने संसर्गाचे प्रमाण आणि औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंची आकडेवारी दर तीन महिन्यांनी जाहीर करावी.

२. प्रत्येक खाटेशी हात निर्जंतुक करण्याचा द्रव आणि स्वतंत्र ड्रेसिंग संच असावा. बेसिन व नळांची जंतुतपासणी नियमित व्हावी.

३. सिस्टर आणि सफाई कामगारांची रिक्त पदे तातडीने भरावीत.

४. राखीव अँटिबायोटिक सुरू करताना कारण केसपेपरवर लिहावे, आधी कल्चरचा (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा) नमुना घ्यावा आणि रिपोर्ट येताच औषधाचा फेरविचार करावा.

५. प्रत्येक जिल्ह्याला त्वचापेढीची जोड आणि लवकर शस्त्रक्रियेची सोय मिळावी.

६. १ मार्च २०१४ पासून लागू असलेल्या शेड्यूल एच-१ या औषधांच्या यादीप्रमाणे डॉक्टर, रुग्ण आणि यादीतले औषध यांची नोंद मेडिकल दुकानांनी ठेवायची व ती तीन वर्षे जपायची असते. या नोंदवह्या प्रत्यक्ष तपासल्या जाव्यात, कारण चिठ्ठीविना घेतलेल्या गोळ्यांनी निर्ढावलेले जंतू रुग्णासोबतच वॉर्डात येतात.

नातेवाइकांनाही अधिकार आहेत. जखमेला हात लावण्यापूर्वी हात धुतले का, कल्चर पाठवले का, हे औषध कशासाठी आणि किती दिवस, हे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. ज्या रुग्णालयात या प्रश्नांची उत्तरे केसपेपरवर लिहिलेली सापडतील, तेथे सेप्टिसिमियाचे मृत्यू कमी होतील.