चांद्रगाडी : एका शब्दाच्या बाजूने



पारिभाषिक शब्द कोण घडवतो, असे विचारले की आपण ‘तज्ज्ञांची समिती’ असे उत्तर देऊन मोकळे होतो. हे उत्तर अपुरे आहे, असे माझे मत आहे. ते मी एका अशा वाहनाच्या आधारे मांडणार आहे, जे भारताने अद्याप तयार केलेले नाही.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. त्यातून बाहेर पडलेल्या, सहा चाकांच्या व २६ किलो वजनाच्या ‘प्रज्ञान’ला मराठी वृत्तपत्रांनी ‘रोव्हर’ म्हटले. त्यात गैर काहीच नाही. परंतु २०४० पर्यंत भारतीय अंतराळवीराला चंद्रावर पाठवण्याचे उद्दिष्ट त्याच वर्षी जाहीर झाले. त्या अंतराळवीराला बसून फिरण्यासाठी जे वाहन लागेल, त्याला काय म्हणावे?

वाशीतील एका संपर्क सत्रात मी हा प्रश्न विचारला. ‘मानवसहित रोव्हर’, ‘समानव चांद्रवाहन’ अशी उत्तरे आली. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात फिटर असलेला विद्यार्थी म्हणाला, “सर, माणूस बसतो ना? मग ती गाडी. चांद्रगाडी म्हणा.” वर्ग हसला. मला मात्र त्याचेच उत्तर सर्वांत शास्त्रीय वाटले.

शास्त्रीय का, ते पाहा. जुलै १९७१ मध्ये अपोलो-१५च्या अंतराळवीरांनी चंद्रावर प्रथमच असे वाहन चालवले. दोन आसने, चार चाके आणि प्रत्येक चाकाला स्वतंत्र विद्युत मोटर. त्यावर छप्पर नव्हते. श्वासापुरती हवा अंतराळपोशाखातच होती. म्हणून नियम असा, की गाडी बंद पडली तर पायी परतता येईल इतकेच दूर जायचे. पुढे १९७२ मध्ये अपोलो-१७चे अंतराळवीर यानापासून सुमारे साडेसात किलोमीटर दूर गेले, तेही हा हिशेब सांभाळून. यंत्र एकटे फिरते तेव्हा हा हिशेब नसतो. जपान आता चंद्रासाठी बंद कक्षाचे वाहन विकसित करत आहे. त्यात पोशाख उतरवून राहता येईल. म्हणजे आत माणूस असणे हा या वस्तूचा गाभा आहे. उडते ते ‘यान’, एकटे फिरते ते ‘रोव्हर’ आणि माणसाला घेऊन धावते ती ‘गाडी’ असा तिहेरी भेद मराठीला सहज करता येतो.

‘चांद्र’ हा तत्सम आणि ‘गाडी’ हा लोकभाषेतला शब्द. हा संकर अशुद्ध नव्हे का, असा आक्षेप येईल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली रेल्वे धावली. तिच्यासाठी ‘अग्निरथ’ हा भारदस्त शब्द उपलब्ध होता. लोकांनी ‘आगगाडी’ स्वीकारला. कोळशाची आग गेली, विजेवरच्या गाड्या आल्या, तरी शब्द टिकला. शब्दाचे आयुष्य वापर ठरवतो, व्युत्पत्ती नव्हे.

हीच गोष्ट सुट्या भागांची. अपोलोच्या चाकांना रबरी टायर नव्हते. पोलादी तारांच्या विणलेल्या जाळीवर टायटॅनियमच्या पट्ट्या होत्या. बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवलेल्या लोखंडी पट्टीला आपल्याकडे ‘धाव’ म्हणतात. त्या पट्ट्यांना धाव म्हटले तर काय बिघडते? अपोलो-१७च्या गाडीचे मडगार्ड तुटले, तेव्हा नकाशाचे कागद चिकटपट्टीने जोडून तात्पुरते मडगार्ड बनवावे लागले, कारण उडणारी धूळ माणसांवर आणि उपकरणांवर पडत होती. चंद्रावर चिखल नाही. तरीही ‘मडगार्ड’ हा शब्द अडत नाही.

माझी भीती इंग्रजी शब्दांची नाही. ‘रोव्हर’ खुशाल राहो. भीती अशी आहे, की गाडी बंद पडल्यावर हवा किती वेळ पुरेल, हे उद्या मराठी मुलाला मराठीत कोणी समजावणार नाही, आणि आपली भाषा केवळ अभिनंदनाच्या मथळ्यांपुरती उरेल.

म्हणून एक विनंती. तुमच्यापैकी अनेक जण दिवसा गॅरेजमध्ये, कारखान्यात, शेतात काम करून हा अभ्यास करतात. तुमच्या कामातील दहा शब्द निवडा आणि त्यांच्या आधारे चांद्रगाडीचे वर्णन एका पानात लिहा. शब्द अडला तर कोश जरूर पाहा. मात्र त्याआधी शेजारच्या कारागिराला विचारा.