निकालानंतरचें शहाणपण

सामना संपला म्हणजे प्रत्येक प्रेक्षक सेनापति होतो. जो फांसा उलटा पडला तो टाकावयास नको होता, हें सांगावयास फारशी बुद्धि लागत नाहीं. जय मिळाला असतां ज्यास आपण धाडस म्हणून गौरवितों, त्यासच पराजय झाला असतां अविचार म्हणून दोष देतों. ही रीत न्यायाची आहे काय, या प्रश्नाचा विचार अमेरिकेंतील बेसबॉल या खेळाच्या तीन प्रसिद्ध सामन्यांच्या आधारें करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

आमच्या वाचकांस क्रिकेट जितकें परिचित आहे तितका बेसबॉल नाहीं. त्या खेळांत चेंडू फेकणाऱ्यास पिचर म्हणतात, व संघाचे डावपेंच ठरविणाऱ्या शिक्षकास मॅनेजर म्हणतात. प्रत्येक संघास नऊ डाव मिळतात, व बरोबरी झाल्यास डाव वाढवितात. क्रिकेटमध्यें कप्तान एका गोलंदाजास विसांवा देऊन कांहीं वेळानें पुन्हां बोलावूं शकतो. बेसबॉलमध्यें एकदां सामन्यांतून काढलेला खेळाडू त्या सामन्यांत परत येऊं शकत नाहीं. यामुळें चांगला पिचर केव्हां बदलावा, हा मॅनेजरपुढील सर्वांत बिकट प्रश्न होय. पिचर हळूहळू थकत जातो; शिवाय तोच फलंदाज त्याच्यापुढें तिसऱ्यांदां आला म्हणजे त्याचे चेंडू ओळखूं लागतो, असा सामान्य अनुभव आहे. उलटपक्षीं, नवा पिचर त्या दिवशीं कसा फेकील, हें आधीं कोणास सांगतां येत नाहीं.

ता. १६ ऑक्टोबर २००३ रोजीं न्यूयॉर्क येथें अमेरिकन लीगच्या अजिंक्यपदाचा सातवा व निर्णायक सामना झाला. आठव्या डावांत बोस्टनचा रेड सॉक्स संघ न्यूयॉर्कच्या यांकीज संघापुढें ५-२ असा होता. बोस्टनचा पिचर पेड्रो मार्टिनेझ हा मोठा नामांकित. परंतु त्याचे शंभराहून अधिक चेंडू टाकून झाले होते, आणि प्रतिपक्षाचे फटके बसूं लागले होते. मॅनेजर ग्रेडी लिटल मैदानांत गेले, त्याच्याशीं बोलले, आणि त्यासच ठेवून परतले. पाहतां पाहतां ५-५ अशी बरोबरी झाली, व अकराव्या डावांत यांकीजनीं ६-५ असा विजय मिळविला. ‘थकलेला पिचर बदलला कां नाहीं?’ असा एकच गिल्ला झाला. त्याच महिन्यांत संघानें लिटल यांचा करार पुढें न चालविण्याचें ठरविलें.

ता. २७ ऑक्टोबर २०२० रोजीं याच्या नेमकें उलट घडलें. वर्ल्ड सीरीज या अंतिम मालिकेचा सहावा सामना टेक्सासमधील आर्लिंग्टन येथें चालला होता. लॉस एंजेलिसचा डॉजर्स संघ मालिकेंत ३-२ असा पुढें होता. म्हणून टँपा बे रेज संघास हा सामना जिंकणें भागच होतें. रेजचा पिचर ब्लेक स्नेल यानें ७३ चेंडूंत नऊ फलंदाजांस चेंडूला बॅट नीट न लावूं देतां बाद केलें होतें, व त्याचा संघ १-० असा पुढें होता. सहाव्या डावांत डॉजर्सना दुसरा यशस्वी फटका मिळतांच मॅनेजर केविन कॅश यांनीं स्नेल यास काढून निक अँडरसन यास आणिलें. मूकी बेट्स हा फलंदाज आतां स्नेलपुढें तिसऱ्यांदां येणार होता, हें त्याचें कारण. बेट्सनें लागलीच जोरदार फटका मारला. थोड्याच वेळांत डॉजर्स २-१ असे पुढें गेले, आणि शेवटीं ३-१ असा सामना व अजिंक्यपद दोन्ही घेऊन गेले. आतां गिल्ला झाला तो असा कीं, ‘इतका उत्तम पिचर बदलला कां?’

एकानें पिचर ठेविला म्हणून त्यास दोष, दुसऱ्यानें काढला म्हणून त्यास दोष! यावरून सर्वच टीका पोकळ असते, असें मात्र कोणी समजूं नये. टीकेची कसोटी निराळी आहे. निर्णयाच्या क्षणीं काय माहीत होतें, आणि निकाल उलट लागला असता तरी आपण हेंच म्हटलें असतें काय, हे दोन प्रश्न टीकाकारानें प्रथम स्वतःस विचारावे.

या कसोटीस लावून पाहिल्यास लिटल यांच्यावरील आक्षेप टिकतो. कारण पिचरचा थकवा धांवा जाण्यापूर्वींच दिसत होता. कॅश यांच्या पक्षीं पुष्कळ सामन्यांतून निघालेला एक नियम होता, म्हणून त्यांस लहरी म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु बेट्स आणि त्याच्या पाठोपाठचे दोन फलंदाज यांस स्नेलनें त्या दिवशीं प्रत्येकीं दोन वेळां तसेंच बाद केलें होतें. आणि अँडरसननें त्यापूर्वींच्या सलग सहा सामन्यांत धांवा दिल्या होत्या. या गोष्टी चेंडू पडण्यापूर्वींच उघड होत्या. त्यांवर आधारलेली टीका न्याय्य. केवळ ३-१ या आंकड्यांवर आधारलेली नव्हे. स्वतः कॅश यांनीं सामन्यानंतर असें सांगितलें कीं, निर्णय फळला नाहीं याचा आपणांस खेद आहे, परंतु त्यामागील विचार योग्यच होता. त्यांचें म्हणणें सर्वांस पटो वा न पटो. निर्णय आणि फळ यांतील भेद त्यांनीं पराभवाच्या घटकेसही सोडला नाहीं, हें मान्य केलें पाहिजे.

हा भेद विजयाच्या वेळीं ठेवणें तर याहूनही कठीण. १९०८ नंतर अजिंक्यपद न मिळालेल्या शिकागो कब्ज संघानें तें २ नोव्हेंबर २०१६ रोजीं क्लीव्हलंड येथें मिळविलें. मॅनेजर जो मॅडन यांनीं आदल्या दिवशीं पांच धांवांची आघाडी असतांही आपला वेगवान पिचर अरोल्डिस चॅपमन यास राबविलें होतें. निर्णायक सामन्याच्या आठव्या डावांत त्याच चॅपमनच्या चेंडूवर क्लीव्हलंडनें ६-६ अशी बरोबरी साधिली. दहाव्या डावांत कब्ज ८-७ असे जिंकले, आणि जयघोषांत बहुतेकांस आदला दिवस आठवेनासा झाला. तरीही ज्यांनीं विजयानंतर मॅडन यांस त्याविषयीं विचारलें, ते खरे टीकाकार. यशानें दोष झांकला जातो; नाहींसा होत नाहीं.

हा विषय केवळ परदेशच्या मैदानाचा नाहीं. प्रत्येक शाळेंत कोणी तरी मुलगा वा मुलगी संघाचें पुढारीपण करितें, कोणी परीक्षेंत अवघड प्रश्न आधीं सोडवावयास घेतें. डाव फसला कीं त्यांच्यावर शब्दांचा मारा होतो. असा मार वरचेवर खाल्लेलें मूल एक गोष्ट मात्र पक्की शिकतें: सर्व करतात तेंच करावें, म्हणजे बुडालें तरी बोल आपल्यावर येत नाहीं. पुढें मोठेपणीं घरांत, गांवांत वा सभेंत कठीण निर्णयाची वेळ आली म्हणजे तें दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहूं लागतें. सामना हरल्याचें दुःख चार दिवसांत ओसरतें. गेलेलें धैर्य इतक्या सहज परत येत नाहीं.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, निकालपत्रक हातीं पडतांच आंकड्यांवरून निवाडा देऊं नये. ‘तूं असें कां केलेंस?’ हा प्रश्न रागानें न विचारतां उत्तर ऐकण्यासाठीं विचारावा. विचार कच्चा असेल तर तो स्पष्ट दाखवावा. विचार पक्का असून दैव फिरलें असेल तर पाठीवर हात ठेवावा. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्ही जिंकून याल त्या दिवशीं हाच प्रश्न स्वतःस विचारावयास विसरूं नका. कारण त्या दिवशीं तो तुम्हांस दुसरें कोणी विचारणार नाहीं.