जेलीच्या वाटीतले हाड

मे महिन्याच्या सुट्टीत मध्यमवर्गीय घरांमधून वाढदिवसांचा हंगाम सुरू होतो. ओवाळणी होते, औक्षणाच्या तबकाशेजारीच मेणबत्त्या लावलेला केक येतो आणि मागोमाग येते ती रंगीबेरंगी जेली. त्या पंगतीत गळ्यात तुळशीची माळ असलेले आजोबा असतात, चातुर्मासात कांदाही वर्ज्य करणारी आजी असते. वाटीत थरथरणारा तो लाल-हिरवा पदार्थ तीही कौतुकाने चाखते. ही जेली कशाने घट्ट झाली, हा प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही. तरुणांच्या मेजवान्यांतून याच जेलीत मद्य मिसळून ती इवल्याशा पेल्यांतून ‘जेली शॉट’ म्हणून फिरवली जाते. तिथे तर विचारण्याची शुद्धही उरत नाही!

उत्तर सुखावह नाही. बाजारातील अनेक जेली, मार्शमेलो, चघळायच्या गोळ्या आणि थंड पुडिंगे जिलेटिनवर उभी असतात. जिलेटिन म्हणजे जनावरांची कातडी, हाडे आणि स्नायुबंध यांतून काढलेले प्रथिन. गुरांची हाडे फोडून आम्लात भिजवायची, त्यांतील क्षार निघून गेले की उरलेला भाग कित्येक आठवडे चुन्याच्या पाण्यात ठेवायचा, मग गरम पाण्यात त्याचा अर्क काढून वाळवायचा, अशी त्याची कृती आहे. पाश्चात्य देशांत त्यासाठी डुकराचे कातडे मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. भारतातही हाडांपासून जिलेटिन करणारे कारखाने आहेत. तयार मालाला ना रंग, ना वास, ना चव. म्हणूनच तो बिनबोभाट कोणत्याही ताटात शिरतो.

गाय आणि डुक्कर! या दोन प्राण्यांची नावे एकत्र आली की भारतीय मनाला १८५७ आठवल्यावाचून राहत नाही. एन्फिल्ड बंदुकीच्या काडतुसांना या दोहोंची चरबी लावल्याच्या वार्तेने छावण्या पेटल्या आणि एका साम्राज्याचा पाया हादरला. १९८३ मध्ये वनस्पती तुपात आयात केलेली गोवंशाची चरबी मिसळल्याचे उघड होताच देशभर काहूर माजले. २००१ मध्ये अमेरिकेतील मॅकडोनाल्डच्या बटाट्याच्या तळणीत गोमांसाचा अंश असल्याचे समोर आले, तेव्हा तेथील हिंदूंनी न्यायालयाचे दार ठोठावले. २००२ मध्ये त्या बलाढ्य कंपनीला एक कोटी डॉलरची तडजोड करावी लागली आणि जाहीर क्षमाही मागावी लागली. परदेशात मूठभर असलेला समाज एवढे करू शकतो. मग स्वदेशात बहुसंख्य असलेला हाच समाज वाढदिवसाच्या वाटीपुढे इतका निद्रिस्त का?

ठिपका आहे, दृष्टी नाही

कायदा नाही, अशी सबब येथे चालणार नाही. पाकिटावरील हिरवा आणि तपकिरी ठिपका २००० आणि २००१ सालच्या नियमांनी आला. प्राणिज घटक असलेला पदार्थ मांसाहारी गणला जातो, अपवाद फक्त दूध, मध अशा मोजक्या गोष्टींचा. म्हणजे जिलेटिन असलेल्या पाकिटावर तपकिरी खूण हवीच. २०२० च्या नियमांनी तपकिरी ठिपक्याच्या जागी तपकिरी त्रिकोण आणला, कारण रंगांध व्यक्तीला हिरवा आणि तपकिरी ठिपका सारखाच दिसतो. किती घरांना हा बदल ठाऊक आहे? २०२१ च्या डिसेंबरमध्ये राम गौ रक्षा दलाच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने बजावले की, घटकाचे केवळ सांकेतिक नाव छापणे पुरेसे नाही. तो वनस्पतिजन्य आहे की प्राणिज, हे सांगितलेच पाहिजे, मग त्याचे प्रमाण कितीही अल्प असो. ग्राहकाच्या बाजूने याहून स्पष्ट निवाडा कोणता हवा?

पण खूण असते ती पाकिटावर. केटररच्या पातेल्यावर, बेकरीच्या काचेमागील मूसवर, सभागृहातील मिष्टान्नाच्या टेबलावर ती नसते. परदेशातून सुट्टीला आलेल्या मामाच्या बॅगेतून निघणाऱ्या खाऊवरही ती नसते, कारण अमेरिकेत वा युरोपात असा ठिपका सक्तीचा नाही. फसवणूक नेमकी या फटींतून शिरते. तिथे कायद्याचा हात पोहोचत नाही. तिथे यजमानाची जीभच उपयोगी पडते.

यावर शहाणी मंडळी लगेच नाक मुरडतात. ‘एवढ्याशा जिलेटिनने काय धर्म बुडतो? हे सोवळे-ओवळे कोणत्या शतकातले?’ गंमत अशी की, हीच मंडळी लंडन वा कॅलिफोर्नियातून आलेल्या ‘व्हीगन’ या शब्दापुढे भक्तिभावाने मान डोलावतात. हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ मध्ये जन्मला. आज तेथील तरुण दुकानात उभे राहून पाकिटाच्या पाठीवरील बारीक अक्षरे वाचतात आणि जिलेटिन दिसताच पाकीट परत ठेवतात. भारतातही २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांसाठी स्वतंत्र नियम झाले. म्हणजे आजीने विचारले तर ते बुरसटलेपण आणि परदेशी पाहुण्याने विचारले तर ती संवेदनशीलता! आहाराच्या शुद्धीचा मनाच्या शुद्धीशी असलेला संबंध छांदोग्य उपनिषदाने सांगितला. वारकरी आणि जैन परंपरांनी तो शतकानुशतके ताटात उतरवला. ज्यांच्या घरात हा वारसा आहे, त्यांना तो आयात केलेल्या चिठ्ठीवाचून ओळखू येऊ नये, यासारखी दुसरी मानसिक गुलामी नाही.

कोणी काय खावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. हिंदू समाजातही मांसाहार करणारे कोट्यवधी आहेत आणि त्यांच्याशी येथे वाद नाही. वाद आहे तो न सांगता खाऊ घालण्याशी. जगात ज्यू समाज संख्येने लहान. पण अमेरिकेत त्याने गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासूनच पाकिटावर कोशरचे चिन्ह छापून घेतले. मुसलमान ग्राहकही जिलेटिन कशाचे, हे विचारल्याशिवाय गोळी तोंडात टाकत नाही. विचारणाऱ्याला उत्तर मिळते. हिंदू ग्राहक गृहीत धरतो, म्हणून बाजार हिंदू ग्राहकाला गृहीत धरतो.

पर्याय वाण्याच्या दुकानात

‘मग मुलांना जेली द्यायचीच नाही का?’ अवश्य द्यावी! पर्याय वाण्याकडे कधीचाच आहे. आपल्याकडे ‘चायना ग्रास’ म्हणतात ते अगर-अगर समुद्रशैवालापासून होते. भारतात हे शैवाल मन्नारच्या आखातातून, रामेश्वर परिसरातील कोळी स्त्रिया पाण्यात बुड्या मारून गोळा करतात. ज्या किनाऱ्यावर सेतूची कथा नांदते, तिथल्या भगिनींच्या कष्टांची ही वस्तू सोडून कत्तलखान्याचा अवशेष का विकत घ्यावा?

हा पर्याय गुणानेही उणा नाही. जिलेटिन शरीराच्या उष्णतेलाच वितळते. विदर्भातल्या उन्हाळ्यात त्याची जेली ताटात येईतो पाणी होते. अगर एकदा घट्ट झाले की सुमारे ८५ अंश सेल्सियसपर्यंत टिकते. ताज्या अननसातील आणि पपईतील पाचक द्रव्ये प्रथिनाला तोडतात, त्यामुळे जिलेटिन त्यांत घट्टच होत नाही; अगर प्रथिन नसल्याने त्याला बाधा येत नाही. खुद्द विज्ञानानेही हाच निवाडा दिला आहे. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवण्यासाठी जिलेटिन वापरत. ते उन्हाळ्यात वितळे, काही जंतू तर ते पचवूनच टाकत. १८८१ च्या सुमारास तेथील संशोधक वॉल्थर हेस यांच्या पत्नी फॅनी यांनी स्वयंपाकघरातला अनुभव सांगितला आणि अगर सुचवले. आजही जगभरच्या प्रयोगशाळा तेच वापरतात.

कृती अगदी सोपी आहे. अर्धा लिटर जेलीला अगरची पूड दोन लहान चमचे, म्हणजे चार-पाच ग्रॅम पुरते. ती एक वाटी गार पाण्यात कालवून, ढवळत दोन-तीन मिनिटे चांगली उकळावी. नुसती कोमट करून भागत नाही. मग साखर घालून, फ्रिजबाहेर ठेवलेला कोकमाचा, कलिंगडाचा, जांभळाचा किंवा आंब्याचा रस त्यात मिसळावा. आंबट रस अगरबरोबर उकळू नये, पकड सैल होते. मिश्रण लगेच छोट्या पेल्यांत ओतावे. अर्ध्या तासात ते फ्रिजशिवायही घट्ट होते. पेल्यांतून जेली फिरवण्याची हौस तरुणांनी कोकमाच्या या गडद लाल ‘शॉट’वर भागवावी. मद्यावाचून मेजवानी रंगत नाही, हा न्यूनगंडही त्याच घोटाबरोबर उतरेल.

करायचे ते एवढेच. पाकीट घेताना घटकांची ओळ वाचावी: अगर म्हणजे ४०६, कॅराजिनन ४०७, पेक्टिन ४४०. हे तिन्ही वनस्पती वा शैवालजन्य आहेत. ‘जिलेटिन’ एवढेच दिसले, तर पाकीट दुकानदाराच्या हातात परत द्यावे आणि कारण मोठ्याने सांगावे. केटररला पहिल्या भेटीतच विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. हळदीकुंकवाला, बालवर्गाच्या सहलीला, सोसायटीच्या गणेशोत्सवाला एकदा तरी अगरची जेली करून वाटावी आणि ती कशाची आहे, हेही सांगावे. बाजाराला धर्म नसतो, पण कान असतात. शेकडो घरांनी तोच प्रश्न विचारला, तर तो त्याला ऐकावाच लागेल.