फी पुरी, श्वास उष्टा!

वर्धा, आर्वी, हिंगणघाट, पुलगाव इथल्या अभ्यासिका व शिकवणीवर्ग चालकांना, आणि तिथे लेकरं पाठवणाऱ्या आपल्यासारख्या आईबापांना जाहीर सवाल

रात्री आठला मुलीला घ्यायला जातो. अभ्यासिकेचं काचेचं दार उघडलं की आधी गार झोत येतो, मग वास : घाम, डब्यातलं लोणचं, मोजे आणि दिवसभर कोंडलेली माणसं. पोरगी म्हणते, "बाबा, चार वाजले की डोकं जड होते." चालक म्हणतात, रात्री मोबाईल पाहत असेल.

पाहत असेलही. पण हिशेब करू. वीस बाय पंधरा फुटांची, दहा फूट उंच खोली म्हणजे 85 घनमीटर हवा. बसून वाचणारा माणूस तासाला अंदाजे 18 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. चाळीस पोरांचा झाला 720 लिटर. बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाख भागांत साधारण 420 भाग, म्हणजे 420 पीपीएम. खोली घट्ट बंद असेल तर हा आकडा हजारावर जायला चार मिनिटं पुरतात. चार! फटी असतात, दार उघडतं, म्हणून थोडा वेळ जास्त लागेल, एवढंच. आणि हजाराची खूण आजची नाही. म्युनिकच्या पेटेनकोफर यांनी ती 1858 मध्येच सांगून ठेवली.

एवढ्याशा प्रमाणात हा वायू विष नव्हे. तसं सांगून कोणी घाबरवत असेल तर ऐकू नका. त्याच्यावरून कळतं ते दुसरंच. सोडलेल्या श्वासात तो चार टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे हा वायू मोजणारा मीटर खोलीत 2000 दाखवत असेल, तर आपल्या पोरीच्या दर चोवीस श्वासांतला एक दुसऱ्याच्या छातीतून आलेला. आपण कोणाच्या उष्ट्या ताटात जेवत नाही. इथे मात्र उष्टा श्वास महिन्याची फी भरून घेतो.

आणि खोकणारा एखादा असतोच. क्षयरोग हवेतून पसरतो, हे शाळेच्या पुस्तकातही आहे. तैवानमध्ये तैपेईच्या एका विद्यापीठात क्षयाची साथ आली, तेव्हा कोंदट इमारतींत आकडा 3000 च्या वर होता. हवा खेळती करून तो 600 च्या आसपास आणला, आणि संपर्कातल्यांना नव्याने क्षय होण्याचं प्रमाण 97 टक्क्यांनी घटल्याचं अभ्यासकांनी नोंदवलं.

आता आपली गंमत पाहा. कालपर्यंत याच खोल्यांच्या खिडकीत डेझर्ट कूलर होता. नवतपात तो बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून ओढून आत ढकलायचा, आणि समोरची खिडकी उघडी ठेवली नाही तर खोली गार होत नाही हे घरातल्या आजीलाही ठाऊक. म्हणजे हवा बदलायचीच. मग स्प्लिट एसी आला. तो आतलीच हवा फिरवून गार करतो, नवी हवा घेत नाही. वीजबिल वाचावं म्हणून खिडक्यांना प्लायवूड ठोकलं, झरोके बुजवले, आणि दारावर पाटी लावली : "वातानुकूलित". आत भिंतीवर फोटो सेवाग्रामच्या बापूकुटीचा! मातीच्या भिंती, वर कवेलू. तिथे हवेला अडवणारं प्लायवूड नाही, हे फोटो लावणाऱ्याने पाहिलं नसावं.

एसी काढा, असं आम्ही म्हणत नाही. मे महिन्यात वर्ध्यात राहतो आम्ही. पण खोली बांधतानाच माणसांच्या संख्येवरून हवा धरा. माणशी सेकंदाला दहा लिटर बाहेरची हवा आली, तर आकडा हजाराच्या आत राहतो. चाळीस जणांना तासाला 1440 घनमीटर. एक्झॉस्ट पंख्याच्या खोक्यावर तो तासाला किती हवा फेकतो ते छापलेलं असतं; त्यातून थोडं वजा धरा आणि समोरच्या बाजूला हवा यायला जाळी ठेवा. नुसता पंखा बसवून दार लावून घेतलं तर तो फिरेल, हवा हलणार नाही. धूळ आणि रुई हा मीटर मोजत नाही. जिनिंगशेजारी बसलेल्यांनी जाळीला फिल्टर लावावा.

मागणी एकच. इन्फ्रारेड सेन्सरचा मीटर आणा (तेवढं पाहून घ्या, स्वस्तातले काही नुसता अंदाज दाखवतात), तो पोरांच्या डोक्याच्या उंचीवर, खिडकी-दारापासून लांब टांगा, आणि संध्याकाळी सहाला, खोली गच्च भरलेली असताना, आलेला आकडा दाराबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहा. रोज. फीच्या आकड्याशेजारी जागा आहे.

— एक पालक, वर्धा